एमएचटी-सीईटी झाल्यावर गुण, पर्सेंटाइल आणि क्रमांक यांचा अंदाज कसा बांधावा

एमएचटी-सीईटी या महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यात बराच काळ जातो. २०२५ साली पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची नियमित सत्रे १९ ते २७ एप्रिल या काळात झाली आणि निकाल १६ जून रोजी लागला. या मधल्या आठवड्यांत विद्यार्थी एकमेकांना गुण विचारतात, शिकवणीच्या व्हॉट्सॲप गटांवर आकडे फिरतात, "इतक्या गुणांना इतके पर्सेंटाइल" अशी तयार कोष्टके पुढे पाठवली जातात आणि त्यावरून कोणी आनंदात, तर कोणी काळजीत रात्री काढतो. अंदाज बांधण्यात काही वावगे नाही. कागदपत्रे गोळा करणे, महाविद्यालयांची यादी तयार करणे आणि जेईई मेन या देशपातळीवरील अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर कितपत अवलंबून राहायचे हे ठरवणे, या सगळ्या कामांसाठी निकालापूर्वीच एक अदमास हाती असणे उपयोगाचे असते. मात्र तो अंदाज एका आकड्याचा नसून पट्ट्याचा, म्हणजे 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा असावा, आणि तो बांधताना गुण, पर्सेंटाइल आणि क्रमांक या तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होऊ नये, एवढी दक्षता घ्यावी लागते. पुढे दिलेल्या पायऱ्या प्रामुख्याने पीसीएम गटाच्या, म्हणजे अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटाच्या विद्यार्थ्यांनाही विषयांचे गुणभार बदलून हीच रीत वापरता येईल.

आधी गुणांची रचना आणि पर्सेंटाइलचा अर्थ

पीसीएम गटात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात. भौतिक व रसायनशास्त्राचा प्रत्येक प्रश्न १ गुणाचा आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा असतो, त्यामुळे एकूण गुण २०० होतात आणि त्यांतील निम्मे एकट्या गणिताचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. याचा अंदाजावर होणारा परिणाम मोठा आहे: बहुतेक विद्यार्थी सर्व १५० प्रश्नांवर कोणता ना कोणता पर्याय निवडून येतात, आणि प्रत्येकाच्या गुणांत काही भाग ज्ञानाचा, तर काही भाग नशिबाचा असतो.

गुणपत्रकावर मात्र हे गुण दिसत नाहीत. दिसते ते पर्सेंटाइल. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. सगळ्या प्रश्नपत्रिका अगदी सारख्याच कठीण काढणे शक्य नसल्यामुळे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना फक्त त्याच्या सत्रातील विद्यार्थ्यांशी करतो. त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या घ्यायची, तिला सत्रातील उपस्थितांच्या एकूण संख्येने भागायचे आणि १०० ने गुणायचे, की तुमचे पर्सेंटाइल मिळते. समजा, एका सत्राला २५,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी २४,२५० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, तर तुमचे पर्सेंटाइल ९७ होईल. याचाच अर्थ तुमच्या सत्रात ७५० जण तुमच्या पुढे आहेत. सगळ्या सत्रांची पर्सेंटाइल नंतर एकत्र करून एकच यादी लावली जाते, आणि त्या यादीत समान आकडे कमीत कमी यावेत म्हणून पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत काढले जाते. प्रत्येक सत्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला १०० पर्सेंटाइल मिळते, म्हणूनच राज्यात १०० पर्सेंटाइलचे विद्यार्थी एकाहून अधिक असतात, आणि त्यांचे मूळ गुण २०० पैकी २०० असतातच असे नाही.

यातून तुलनेचा पहिला नियम निघतो. एकाच सत्रात बसलेल्या दोघांची तुलना गुणांवरून करता येते, कारण ज्याचे गुण जास्त त्याचे पर्सेंटाइल जास्त, हा क्रम तेथे बदलू शकत नाही. सत्रे वेगळी असतील, तर गुणांची तुलना करून हाती काहीच लागत नाही. सोप्या सत्रात १३२ गुण मिळवणारी मुलगी कठीण सत्रात १२४ गुण मिळवणाऱ्या मैत्रिणीच्या मागे राहू शकते. म्हणून कोणी गुण विचारले किंवा सांगितले, तर त्यासोबत तारीख आणि सकाळचे की दुपारचे सत्र, हे विचारल्याशिवाय तो आकडा कोठेही नोंदवू नये.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. एकूण पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते. ते एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढले जाते. तिन्ही विषयांत सारखीच चांगली कामगिरी असणारे विद्यार्थी सत्रात थोडे असतात. त्यामुळे प्रत्येक विषयात ९६ च्या आसपास असलेल्या विद्यार्थ्याचे एकूण पर्सेंटाइल ९७ च्या वरही जाऊ शकते. विषयवार आकडे बेरजेला घेऊन त्यांना तीनने भागण्याचा उद्योग करू नये.

पहिली पायरी: पेपरच्या दिवशीच नोंद

परीक्षा संगणकावर होत असल्याने प्रश्नपत्रिका घरी येत नाही, आणि चार दिवसांनी आठवणीवर बांधलेला अंदाज जवळजवळ नेहमीच वरच्या बाजूला झुकतो. सुटलेले प्रश्न लक्षात राहतात आणि अडलेले विसरले जातात. म्हणून घरी पोहोचल्यावर, कोणाशीही चर्चा करण्यापूर्वी, प्रत्येक विषयासाठी तीन आकडे वहीत लिहावेत: खात्रीने सोडवलेले प्रश्न, दोन पर्यायांत अडकून एक निवडलेले प्रश्न आणि केवळ अंदाजाने पर्याय टाकलेले प्रश्न. तिन्हींची बेरीज ५० झाली पाहिजे. ज्यांनी त्या दिवशी ही नोंद केली नसेल त्यांनी ती आता आठवून करावी, पण मग पुढे काढायचा पट्टा थोडा रुंद धरावा.

"खात्रीने" या शब्दाकडे कठोरपणे पाहावे लागते. सराव परीक्षांत आपण खात्रीने सोडवलेल्या प्रश्नांपैकी प्रत्यक्षात किती बरोबर निघाले, हे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते; कोणाचे शंभरात ९५, तर कोणाचे ८५. ज्यांनी सराव परीक्षांचे विश्लेषण जपून ठेवले आहे त्यांनी ते उघडून स्वतःचे प्रमाण विषयवार काढावे. माझ्या मते संपूर्ण अंदाजात याहून मोलाचा आकडा दुसरा नाही, आणि तो दुसरा कोणीही तुम्हाला देऊ शकत नाही.

दुसरी पायरी: अपेक्षित गुण आणि पट्टा

आता साधे गणित करायचे. खात्रीच्या प्रश्नांना स्वतःचे प्रमाण लावावे, दोन पर्यायांत अडकलेल्यांपैकी निम्मे बरोबर धरावेत आणि अंदाजाने टाकलेल्यांपैकी एक चतुर्थांश बरोबर धरावेत, कारण पर्याय चार असतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. एका विद्यार्थ्याचे खात्रीचे प्रमाण ९० टक्के आहे. भौतिकशास्त्रात त्याचे खात्रीचे ३०, दोन पर्यायांचे ८ आणि अंदाजाचे १२ प्रश्न आहेत; अपेक्षित गुण २७ अधिक ४ अधिक ३, म्हणजे ३४. रसायनशास्त्रात ३६, ६ आणि ८, तेथे ३२.४ अधिक ३ अधिक २, म्हणजे ३७.४. गणितात २६, ८ आणि १६. बरोबर प्रश्न २३.४ अधिक ४ अधिक ४, म्हणजे ३१.४ आणि गुण त्याच्या दुप्पट, ६२.८. तिन्हींची बेरीज १३४.२ येते.

या १३४ वर थांबू नये. नशिबाचा भाग किती मोठा आहे हे मोजण्याची रीत बारावीच्या संभाव्यतेच्या धड्यात शिकवलेलीच आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर बरोबर असण्याची संभाव्यता 'प' आहे त्याचे प्रचरण 'प' गुणिले '१ वजा प' एवढे असते. म्हणजे खात्रीच्या प्रश्नाला ०.०९, दोन पर्यायांच्या प्रश्नाला ०.२५ आणि अंदाजाच्या प्रश्नाला सुमारे ०.१९ धरायचे, प्रश्नांच्या संख्येने गुणून बेरीज करायची, आणि गणिताची बेरीज चारपट करायची, कारण तेथे प्रश्न दोन गुणांचा आहे. वरील उदाहरणात भौतिकशास्त्राचे सुमारे ७, रसायनशास्त्राचे सुमारे ६ आणि गणिताचे सुमारे २९ असे मिळून ४२ ते ४३ येतात. त्याचे वर्गमूळ साडेसहा. म्हणजे या विद्यार्थ्याने आपले गुण साधारण १२८ ते १४० या पट्ट्यात धरावेत, आणि जरा अधिक सावध राहायचे असेल तर १२१ ते १४७ असा दुप्पट रुंदीचा पट्टा धरावा. या सगळ्या अनिश्चिततेतील दोन तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या गणिताचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांचे गणितात अंदाजाने टाकलेले प्रश्न बरेच असतील, त्यांनी उत्तरसूची येईपर्यंत कोणत्याही एका आकड्यावर विश्वास ठेवू नये, मग तो आकडा सुखावणारा असो वा घाबरवणारा.

जेईई मेन दिलेल्या विद्यार्थ्यांनी ही रीत तेथे जशीच्या तशी लावू नये. त्या परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ गुण वजा होतो, त्यामुळे चार पर्यायांच्या प्रश्नावर केवळ अंदाजाने दिलेल्या उत्तराचा सरासरी लाभ पाव गुणाचाच उरतो.

तिसरी पायरी: उत्तरसूची हाती आल्यावर मोजणी

परीक्षेनंतर काही दिवसांनी कक्ष प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये त्याची प्रश्नपत्रिका, त्याने निवडलेले पर्याय आणि तात्पुरती उत्तरसूची उपलब्ध करून देतो. ही सोय ठरावीक मुदतीपुरती असते, म्हणून सर्वप्रथम ते सर्व पान उतरवून घ्यावे आणि दोन ठिकाणी जपून ठेवावे. पुढे गुणपत्रकावर मूळ गुण येत नसल्याने तुमच्या गुणांचा हाच एक पुरावा तुमच्याजवळ राहतो.

मोजणी स्वतःच्या हाताने, विषयवार आणि दोनदा करावी. दुसऱ्या वेळी मोजणारी व्यक्ती शक्यतो दुसरी असावी. आपोआप गुण मोजून देण्याचा दावा करणारी अनेक संकेतस्थळे आणि ॲप या काळात दिसू लागतात. त्यांपैकी कोणालाही आपला अर्ज क्रमांक आणि पासवर्ड देऊ नये. त्याच लॉगिनमधून पुढे सीईटीशी संबंधित महत्त्वाच्या गोष्टी होणार असतात, आणि दीडशे प्रश्नांची मोजणी अर्ध्या तासाचे काम आहे.

मोजलेले गुण आणि दुसऱ्या पायरीत काढलेला पट्टा यांची तुलना करून पाहावी. गुण पट्ट्याच्या बरेच खाली आले, तर घाबरण्याआधी मोजणी पुन्हा तपासावी, विशेषतः गणिताचे गुण दुप्पट धरले की नाही ते पाहावे.

आक्षेप घ्यावा की नाही

तात्पुरत्या उत्तरसूचीतील उत्तर चुकीचे वाटल्यास ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून आक्षेप नोंदवता येतो. अलीकडच्या वर्षांत हे शुल्क प्रत्येक आक्षेपाला १,००० रुपये होते आणि ते परत मिळत नाही. ही रक्कम अनेक कुटुंबांना जड जाते, म्हणून येथे एकमेकांशी बोलण्याचा खरा उपयोग आहे. उत्तरसूचीत दुरुस्ती झाली तर ती त्या सत्रातील सर्वांना लागू होते. तेव्हा एकाच सत्रातील विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन, विषयशिक्षकांकडून प्रश्न सोडवून घेऊन आणि पाठ्यपुस्तकातील आधार जोडून एकच भक्कम आक्षेप नोंदवणे शहाणपणाचे ठरते. आपल्याच चुकलेल्या उत्तराचे समर्थन शोधत बसण्यापेक्षा प्रश्न तटस्थ शिक्षकाला उत्तर न सांगता सोडवायला द्यावा.

आक्षेप मान्य झाल्यावर गुण कसे बदलतात, हे मात्र नीट समजून घ्यावे. एखादा प्रश्नच सदोष ठरून त्या सत्रातील सर्वांना त्याचे गुण दिले गेले, तर ज्यांचे उत्तर आधीच्या सूचीप्रमाणे बरोबर होते त्यांच्या गुणांत काहीच भर पडत नाही, पण मागे असलेल्या इतरांच्या गुणांत पडते. अशा वेळी तुमचे गुण तेवढेच राहूनही पर्सेंटाइल किंचित खाली येऊ शकते. म्हणून अंतिम उत्तरसूची आल्यावर पुन्हा एकदा मोजणी करणे अगत्याचे आहे.

क्वचित प्रसंगी संपूर्ण सत्राचाच प्रश्न उभा राहतो. २७ एप्रिल २०२५ रोजीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका आढळल्या, आणि त्या सत्रातील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांसाठी ५ मे रोजी फेरपरीक्षा घेण्यात आली. त्या विद्यार्थ्यांनी आधी बांधलेले सगळे अंदाज एका घोषणेने निरर्थक झाले. परीक्षेनंतरच्या पहिल्या आठवड्यात कक्षाच्या अधिकृत संकेतस्थळावरील सूचना रोज पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच; व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सूचनापत्राची खात्रीही तेथेच करून घ्यावी.

चौथी पायरी: गुणांवरून पर्सेंटाइल

ही सर्वांत अवघड पायरी आहे आणि सर्वाधिक दिशाभूल येथेच होते. "१५० गुण म्हणजे अमुक पर्सेंटाइल" असे एकच कोष्टक सर्व सत्रांना आणि सर्व वर्षांना लागू पडूच शकत नाही, हे वर दिलेल्या सूत्रावरून स्पष्ट व्हावे. तरीही अंदाजाचा पट्टा काढता येतो, आणि तो काढण्याची विश्वासार्ह वाट अशी आहे.

आपल्या महाविद्यालयातील, शिकवणीतील आणि ओळखीतील, गेल्या दोन-तीन वर्षांत परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे. प्रत्येकाकडून चार गोष्टी घ्याव्यात: वर्ष, सत्र, अंतिम उत्तरसूचीवरून मोजलेले गुण आणि गुणपत्रकावरील एकूण पर्सेंटाइल. ज्यांना गुण "साधारण इतके" असे आठवतात त्यांची नोंद वेगळ्या रंगाने करावी किंवा सोडून द्यावी. वीस-पंचवीस खात्रीच्या नोंदी जमल्या की आलेखकागदावर आडव्या अक्षावर गुण आणि उभ्या अक्षावर पर्सेंटाइल घेऊन बिंदू मांडावेत. बिंदू एका रेषेवर न येता एक जाड पट्टा तयार होतो, आणि आपल्या गुणांसमोर त्या पट्ट्याची खालची व वरची कड वाचली की या वर्षीच्या पर्सेंटाइलचा वाजवी पट्टा मिळतो. स्वतःचे सत्र बहुतेकांना कठीण गेले असेल तर वरच्या कडेकडे, सोपे गेले असेल तर खालच्या कडेकडे झुकावे, पण कडेबाहेर जाऊ नये.

आलेखाचा आकारही बोलका असतो. मधल्या भागात विद्यार्थ्यांची दाटी असते, त्यामुळे तेथे चार-पाच गुणांच्या फरकाने पर्सेंटाइल बरेच सरकते. वरच्या टोकाला विद्यार्थी विरळ होत जातात आणि तेवढ्याच गुणांनी पर्सेंटाइल अपूर्णांकानेच हलते. मधल्या गुणांच्या विद्यार्थ्याने म्हणूनच पट्टा अधिक रुंद धरावा.

सध्याच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून गोळा केलेल्या गुणांवरून, म्हणजे एखाद्या गटात दोनशे जणांनी टाकलेल्या आकड्यांवरून, आपले पर्सेंटाइल काढण्याचा मोह टाळावा. अशा ठिकाणी आपणहून गुण सांगणारे बहुधा चांगले गुण मिळालेलेच असतात. सत्रातील हजारो विद्यार्थ्यांचे ते प्रतिनिधित्व करत नाहीत, आणि त्यांच्यात सरासरीच्या खाली दिसणारा विद्यार्थी संपूर्ण सत्रात ९० पर्सेंटाइलच्या पुढे असू शकतो. जे गप्प आहेत त्यांनाही आकडा सांगण्यासाठी गळ घालू नये. तेवढा अवकाश प्रत्येकाला असला पाहिजे.

पाचवी पायरी: पर्सेंटाइलवरून क्रमांक

हे गणित सोपे आहे. १०० मधून पर्सेंटाइल वजा करावे, येणाऱ्या संख्येला गटातील उपस्थित विद्यार्थ्यांच्या एकूण संख्येने गुणावे आणि १०० ने भागावे. येथे नोंदणी केलेल्यांची नव्हे, तर प्रत्यक्ष परीक्षा दिलेल्यांची, आणि तीही या वर्षाची संख्या घ्यायची असते. ती निकालाच्या वेळी जाहीर होते.

वर्षाचा फरक किती पडतो ते पाहण्यासारखे आहे. पीसीएम गटाची परीक्षा २०२४ साली सुमारे २ लाख ९५ हजार विद्यार्थ्यांनी दिली, तर २०२५ साली सुमारे ४ लाख २२ हजार विद्यार्थ्यांनी. ९९ पर्सेंटाइल म्हणजे २०२४ मध्ये साधारण २,९५० वा क्रमांक होता. २०२५ मध्ये त्याच ९९ पर्सेंटाइलचा अर्थ साधारण ४,२२० वा क्रमांक असा झाला. पर्सेंटाइल तेच, पण पुढे उभे असलेले विद्यार्थी बाराशेहून अधिक वाढले. मोठ्या भावंडाच्या किंवा शेजारच्या ताईच्या पर्सेंटाइलशी स्वतःचे पर्सेंटाइल ताडून पाहणाऱ्या घरांनी ही दोन वाक्ये पुन्हा वाचावीत, अशी माझी विनंती आहे.

जेईई मेनचे पर्सेंटाइल आणि सीईटीचे पर्सेंटाइल यांचीही तुलना होत नाही. जेईई मेनमध्ये देशभरातील विद्यार्थी असतात. २०२५ साली दोन्ही सत्रे मिळून सुमारे पावणेपंधरा लाख विद्यार्थ्यांनी ती दिली होती. एखाद्याला सीईटीत ९७ आणि जेईई मेनमध्ये ९० मिळाले, तर त्यातून त्याचे काही बिघडले असा अर्थ निघत नाही.

या रीतीने आलेला क्रमांक आणि प्रवेशाच्या यादीतील राज्य गुणवत्ता क्रमांक एकच नसतात. गुणवत्ता यादीत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी नोंदणी करून पात्र ठरलेलेच विद्यार्थी येतात, आणि परीक्षा दिलेल्यांपैकी अनेक जण इतर मार्गांनी जातात. त्यामुळे प्रत्यक्ष गुणवत्ता क्रमांक बहुधा थोडा लहान, म्हणजे अधिक चांगला निघतो. एकूण पर्सेंटाइल समान आल्यास गणिताचे पर्सेंटाइल आधी पाहिले जाते.

सहावी पायरी: गेल्या वर्षीच्या कट-ऑफशी मेळ

कक्ष प्रवेशाच्या प्रत्येक फेरीनंतर महाविद्यालय, शाखा आणि प्रवर्गनिहाय कट-ऑफ, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा आकडा, प्रसिद्ध करतो. त्यात प्रत्येक जागेसमोर गुणवत्ता क्रमांक आणि त्याच्याजवळ कंसात पर्सेंटाइल दिलेले असते. विद्यार्थी पर्सेंटाइल पाहतात. पाहायला हवा तो क्रमांक.

समजा, एका महाविद्यालयातील एक शाखा २०२४ मध्ये ९७ पर्सेंटाइलला बंद झाली. उपस्थितांच्या संख्येवरून काढलेला तो क्रमांक सुमारे ८,८५० येतो. २०२५ च्या संख्येत तेवढाच क्रमांक ९७.९ पर्सेंटाइलच्या जवळ पोहोचतो. ९७ मिळालेल्या विद्यार्थ्याने कट-ऑफचा जुना आकडा पाहून ती जागा आपलीच धरली असती, तर त्याची फसगत झाली असती. अर्थात दरवर्षी जागाही वाढतात, नव्या तुकड्या निघतात, आणि वाढलेले विद्यार्थी सर्व थरांत सारखे वाटलेले नसतात. म्हणून हे रूपांतर दिशादर्शक समजावे आणि दोन-तीन वर्षांचे क्रमांक शेजारी शेजारी लिहून कल पाहावा.

कोष्टकातील सांकेतिक अक्षरे वाचता येणे आवश्यक आहे. आरंभीचे 'जी' अक्षर सर्वसाधारण जागेचे आणि 'एल' मुलींसाठी राखीव जागेचे असते. शेवटचे 'एच' म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील, 'ओ' म्हणजे त्या क्षेत्राबाहेरील आणि 'एस' म्हणजे राज्यस्तरीय जागा. नागपूरच्या विद्यार्थ्याने पुण्यातील महाविद्यालयाचा 'एच'चा कट-ऑफ पाहून यादी केली, तर ती यादी त्याच्या कामाची नाही. खुल्या प्रवर्गाबरोबर आपला प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि शिक्षणशुल्क माफीची योजना यांपैकी जे लागू असेल त्या प्रत्येकाचा क्रमांक वेगळा नोंदवावा. फेरीही नोंदवावी, कारण पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा कट-ऑफ यांत पुष्कळ अंतर पडू शकते.

सातवी पायरी: अंदाजावरून पसंतीक्रमाची तयारी

आता हाती क्रमांकाचा एक पट्टा आहे. त्याच्या आधारे महाविद्यालय व शाखांच्या जोड्यांचे तीन गट करावेत: ज्यांचा गेल्या वर्षीचा क्रमांक आपल्या पट्ट्याच्या चांगल्या टोकापेक्षाही वरचा आहे, जो पट्ट्याच्या आत पडतो, आणि जो पट्ट्याच्या वाईट टोकाच्याही बराच खाली आहे. मधला गट सर्वांत मोठा असावा, आणि शेवटच्या गटात ज्या ठिकाणी आपण खरोखर शिकायला जाऊ अशीच नावे असावीत. अंतर, वसतिगृह आणि शुल्क यांची चौकशी निकालापूर्वीच्या या मोकळ्या आठवड्यांत करून घ्यावी. याच काळात जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास आणि उत्पन्नाच्या दाखल्यांची मुदत तपासावी. पर्सेंटाइल कितीही चांगले असले, तरी दाखला वेळेत न मिळाल्यास उमेदवाराला खुल्या प्रवर्गातून स्पर्धा करावी लागू शकते. अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात, तेही पाहून ठेवावे.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज, भरताना मात्र जोड्यांचा क्रम अंदाजाप्रमाणे लावू नये. तो इच्छेप्रमाणे लावावा. जागावाटप करताना संगणक विद्यार्थ्याच्या गुणवत्तेनुसार त्याची पसंती वरून खाली तपासत जातो, त्यामुळे न मिळण्याजोगी वाटणारी जागा वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. सावधगिरी वेगळ्याच ठिकाणी घ्यावी लागते. २०२५ च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही जागा मिळाली, तर ती आपोआप गोठवली जात होती आणि विद्यार्थ्याला पुढील फेऱ्यांत भाग घेता येत नव्हता. म्हणून चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतील हा नियम आधी वाचावा, आणि पहिल्या सहा ओळींत मिळाल्यावर निःशंकपणे प्रवेश घेऊ अशीच नावे लिहावीत.